गंगीच्या गोष्टीचा शेवट

झरी, १६ जुलै १९६१

तीर्थरूप अण्णामामांस चंपाचा नमस्कार.

तुमचं पार्सल एकदाचं पोचलं. वाटेत भिजलं, त्यामुळे ‘खळ्यावरची गंगी’च्या बारा प्रतींपैकी तीन फुगून टम्म झाल्यात, पण वाचता येतात. सातवीच्या वर्गात मुलं एकवीस, तेव्हा दोघांत एक प्रत दिली. दोघांची वाचायची चाल सारखी नसते, म्हणून पान उलटण्यावरून रोज भांडणं होतात. मला ती भांडणं आवडतात. निदान पुस्तकावरून तरी भांडतात.

तुम्ही लिहिलंत, दुसऱ्या आवृत्तीत छापायला मुलांचे अभिप्राय हवेत, शिवाय ते पाहून पुस्तक शाळांच्या अवांतर वाचनात लागेल. म्हणून काल सगळ्यांना दहा-दहा ओळी लिहायला सांगितल्या. मामा, एकवीस वह्या आणि अभिप्राय एकच! ‘हे पुस्तक छान आहे. यातून आपणांस प्रामाणिकपणाचा बोध मिळतो.’ जिव्याने तर पुस्तक उघडलंच नव्हतं, तरी त्यालाही बोध मिळाला. मला इतका राग आला की वह्या तशाच परत दिल्या आणि मैदानाला दोन चकरा मारून आले. हेडमास्तर म्हणाले, बाई, जरा बसत जा.

आता मी फळ्यावर चार प्रश्न लिहून ठेवलेत. गोष्टीतल्या कोणाला काय हवं आहे? वाचताना तुम्ही कुठे थांबलात? काय पटलं नाही? आणि लेखक समोर बसला असता तर त्याला काय विचारलं असतं? शेवटचा प्रश्न वाचून मुलं हसली. लेखकाला प्रश्न विचारतात हे त्यांच्या गावीच नव्हतं. बघू काय येतं ते.

तुमची
चंपा


बोर्डी, २३ जुलै १९६१

चि. चंपास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी मामी म्हणाली, पोरगी शिकवायला गेलीय की वकिली करायला? लहानपणीही तू वाडीतला चिकू पिकायच्या आधी नख लावून बघायचीस. अजून तीच खोड.

प्रश्न विचार, माझी ना नाही. पण मुलांच्या डोक्यात उगाच शंका भरू नकोस. गोष्ट साधी आहे. गरीब गंगी सावकाराच्या खळ्यावर राबते. पोर उपाशी म्हणून ती नव्या भाताच्या राशीतून ओटीभर भात चोरते आणि त्याला शिजवून घालते, स्वतःही खाते. राशीभोवती ओढलेली राखेची रेघ मोडलेली दिसते, चोरी उघडकीस येते. गंगी पाय धरते, सावकार तिला माफ करतो आणि वर टोपलीभर भात देतो. यात न पटण्यासारखं काय आहे? आणि ही मनची कथा नव्हे. प्रस्तावनेत लिहिलंच आहे मी: सायवनला वडिलांच्या खळ्यावर, बारा वर्षांचा असताना, हे मी डोळ्यांनी पाहिलं. गंगीचं नावही खरंच ठेवलं. कोणी तिची आठवण ठेवली असती एरवी?

मुंबईचे प्रकाशक घाई करतायत. स्वच्छ अक्षरातले दहा अभिप्राय गणपतीच्या आत पाठव. सोबत चिकूची करंडी बसमधून पाठवली आहे, ड्रायव्हरला दोन दे, नाहीतर तो चार घेईल.

तुझा
अण्णामामा


झरी, ९ ऑगस्ट १९६१

ती. अण्णामामांस चंपाचा नमस्कार.

ड्रायव्हरने सहा घेतले. असो.

मामा, आता नीट बसून वाचा. मला बसवत नाही, मी उभ्यानेच लिहितेय. मुलांनी तुमचं पुस्तक सोलून काढलं आहे!

आधी जिव्या. आता त्याने पुस्तक दोनदा वाचलंय. तो लिहितो: ‘गंगीने दुपारी भात घेतलं आणि संध्याकाळी शिजवलं. मग कांडलं कधी? कांडण घातलं की अख्ख्या पाड्याला ऐकू येतं. कोणीच कसं ऐकलं नाही?’ तुम्ही आयुष्यभर तांदूळ खाल्लात मामा, पण मुसळ हातात घेतलं नाहीत हे सातवीतल्या मुलाने ओळखलं.

मग हिरी. तिचा लेखकाला प्रश्न: ‘तुम्ही प्रस्तावनेत म्हणता, मी तिथे होतो. मग गोष्टीत तुम्ही दिसत कसे नाही? तुम्ही कुठे उभे होता?’ यावर वर्गात वाद झाला. कोणी म्हणालं झाडावर, कोणी म्हणालं घरात जेवत होते. तुम्हीच कळवा, मी त्यांना तसं कबूल केलं आहे.

आणि रूपी. ही वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, पण तिने तीन दिवस वही कोरी ठेवली. चौथ्या दिवशी एकच ओळ लिहिली: ‘गंगीने भात खाल्लं नाही, कारण नवं झालं नव्हतं.’ मला कळेना. मग मुलांनी समजावलं. इकडे पाड्यात नवं भात आधी कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवायचं, पाड्याचा पुजारी म्हणजे भगत दिवस ठरवतो, त्या दिवशी सगळा पाडा एका पंगतीत नवं जेवतो. त्याआधी एक दाणा कोणी तोंडात घालत नाही. पोर रडून झोपलं तरी कंदमुळं उकडून घालतील, पण नवं नाही. जो नव्याआधी खाईल त्याच्यामुळे सगळ्या पाड्याचं पीक आणि ढोरं बुडतात. तुमच्याच पुस्तकात पान एकतीसवर म्हटलंय की नव्याचा दिवस अजून ठरायचा होता. म्हणजे मामा, तुमच्या गंगीने खाल्लं असणं शक्यच नाही. पकडलंत की नाही पोरीने?

तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत चोरी नव्याच्या नंतर न्या, म्हणजे काम भागेल. मी तर खूश आहे. आडात होतं, फक्त पोहरा कोणी टाकला नव्हता.

तुमची
चंपा


बोर्डी, १४ ऑगस्ट १९६१

चि. चंपास आशीर्वाद.

गोष्ट आहे ती, पंचनामा नव्हे. कांडण आणि मुसळ मोजत बसलं तर जगात एक पुस्तक उभं राहणार नाही.

तू मुलांना वाचायला शिकवते आहेस की खोड्या काढायला? चांगले असतील तेवढे अभिप्राय पाठव, बाकीचे ठेव तुझ्यापाशी. खरं म्हणजे आता या पुस्तकावरचा तास बंदच कर. दुसरी पुस्तकं पाठवतो, प्राण्यांची आहेत, मुलांना आवडतील.

ती रूपी कोणाची? मूळ झरीचीच का?

अण्णामामा


झरी, २ सप्टेंबर १९६१

ती. अण्णामामांस नमस्कार.

तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या हे पत्राच्या लांबीवरून कळलं. एरवी तुम्ही हवापाण्यालाच एक पान घालवता. पण आज चेष्टा करायला मन नाही.

रूपी पंधरा दिवस शाळेत नाही. मला वाटलं तापली असेल. परवा वर्गातल्या सुक्याने सांगितलं, मुलं तिला चिडवतात, ‘नवं खाल्लेलीची नात’. मामा, तुमची गंगी तिची आजी आहे. सायवन सोडून ती नवऱ्याला आणि लहानग्या पोराला घेऊन झरीला आली, तो पोरगा रूपीचा बाप.

आणि मी काय केलं? मुलांना म्हटलं, पुस्तक घरी न्या, मोठ्याने वाचून दाखवा. त्यांनी दाखवलं. झरीत कोणाला काही माहीत नव्हतं, ते आता घरोघर माहीत झालं. गंगी, सायवनची, सावकाराचं खळं, सगळं नावानिशी छापलेलं! छत्तीस वर्षं ती इथल्या पंगतीत बसून नवं जेवली. आता पाड्यातली जाणती माणसं म्हणतात, यंदा तिने लांब बसावं, आणि पुढचं भगत ठरवेल. नवं ८ ऑक्टोबरच्या रविवारी आहे.

मी तिच्या घरी गेले. ती अंगणात बसून झाडू बांधत होती. मी म्हटलं, आजी, पुस्तकात चुकलंय, मी लेखकाला कळवलंय. ती म्हणाली, “चुकला नाय तो. त्याला ठाव हाय.” मी विचारलं, मग भात घेतलं कोणी? तिने झाडूची गाठ आवळली. मग म्हणाली, “तू शेटाची भाची ना? तुझ्या मामाकडं लाल पुठ्ठ्याचं पुस्तक व्हतं. ते हाय का अजून?” बस्स, एवढंच. मला वाटतं वयामुळे तिचं बोलणं भरकटतं.

मामा, मला झोप नाही, जेवण जात नाही. मी शिकवलं म्हणून हे झालं. चोर कोण होता ते तुम्हाला खरंच आठवत नाही? तुम्ही तिथे होतात. खळ्यावर आणखी कोण कोण होतं, कोणाचं तरी नाव सांगा. मी स्वतः सायवनला जाऊन शोधून काढीन.

चंपा


झरी, १३ सप्टेंबर १९६१ (कार्ड)

मामा, अकरा दिवस झाले. बरे आहात ना? मामीला तरी चार ओळी लिहायला सांगा. रूपी अजून येत नाही. नवं जवळ येतंय.

चंपा


बोर्डी, १९ सप्टेंबर १९६१

चंपा,

पाच पत्रं लिहिली आणि फाडली. हे सहावं. वाडीत जातो, परत येतो, पुन्हा लिहायला बसतो. तुझी मामी म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय काय.

सायवनला कोणाला शोधू नकोस. लाल पुठ्ठ्याचं पुस्तक माझ्याजवळ आहे.

खळी सुरू झाली की तिकडे फेरीवाले यायचे. सुके बोंबील, बांगड्या, फण्या. पैसे कोणाकडे नसत, सूपभर भात द्यायचं आणि जिन्नस घ्यायचा. त्या वर्षी एकाकडे पुस्तक होतं, गलबतातून सफरीला गेलेल्या माणसाचं. मी त्याची चार पानं उभ्याउभ्या वाचली आणि त्याने ते मिटलं. म्हणाला, दोन सुपं. आमच्या घरात पोथीखेरीज पुस्तक येत नसे, वडिलांकडे मागण्यात अर्थ नव्हता. दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी राशीतून भात घेतलं. राखेची रेघ मोडली ती बोटाने पुन्हा ओढली, पण वाकडी आली.

मागे वळलो तर गंगी खळ्याच्या कडेला उभी होती. झाडणी हातात होती तिच्या. तिने मला पाहिलं, सूप पाहिलं, आणि पुन्हा झाडायला लागली. भात देऊन लाल पुस्तक घेऊन परतलो, तेही तिने पाहिलं.

संध्याकाळी वडिलांनी रेघ पाहिली. खळं झाडायला तीच होती, पदराला भाताची कुसं लागलेली. त्यांनी विचारलं, तू घेतलंस? तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. हिरीला सांग, मी तिथे उभा होतो. पुस्तक माझ्या सदऱ्याच्या आत होतं.

वडिलांनी तिला माफबिफ काही केलं नाही. तिथल्या तिथे हाकलली. टोपलीभर भात मी माझ्या पदरचं घातलं, पुस्तकात. वडिलांना दयाळू केलं, तिला चोर ठेवलं आणि स्वतःला गोष्टीतून उचलून बाजूला काढलं. वर तिचं नाव ठेवून म्हटलं, बघा, मी तिला अमर केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात इतकी वर्षं तेही नव्हतं. छान झोप लागायची.

एक गोष्ट देवाशपथ खरी सांगतो. तिचं काम गेलं एवढंच मला ठाऊक होतं. नवं खाल्ल्याचा ठपका काय असतो, त्यापायी तिने गाव सोडलं, हे तुझ्या रूपीच्या एका ओळीपर्यंत मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कधी.

प्रकाशकांना कळवलंय, आवृत्ती थांबवा. शेवटचं प्रकरण नव्याने लिहून सोबत जोडलं आहे. त्यात चोर मीच आहे, नावानिशी. हे वर्गात वाच. रूपीला बोलव आणि तिच्याकडून अभिप्राय घे. चांगला नको, खरा घे.

अण्णा


झरी, २५ सप्टेंबर १९६१

मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं फाडावं. ज्या मामाने मला पहिलं पुस्तक हातात दिलं, ज्याच्या कपाटापुढे मी फ्रॉकमध्ये बसून वाचायला शिकले, त्या कपाटात ते लाल पुस्तकही होतं. मी ते वाचलंय मामा. तीनदा. मलाही लागतंच की त्यातलं थोडं पाप.

रागावले आहे. किती ते विचारू नका. पण प्रकरण वर्गात वाचलं. वाचून झाल्यावर जिव्या म्हणाला, “म्हणून कांडण ऐकू नाय आलं.” संध्याकाळी मी ते घेऊन रूपीच्या घरी गेले. तिला म्हटलं, तुला हवं ते लिही, मी एक अक्षर सुधारणार नाही.

ती लिहील तेव्हा लिहील. मी घाई करणार नाही, करायची हिंमतही नाही.

चंपा


झरी, २ ऑक्टोबर १९६१

रा. रा. अण्णा यांस रूपीचा नमस्कार.

बाईंनी सांगितलं म्हणून अभिप्राय लिहिते. प्रश्न चार आहेत, मी तीनच सोडवते.

कोणाला काय हवं आहे? मुलाला पुस्तक हवं आहे. सावकाराला चोर हवा आहे. गंगीला काय हवं ते नव्या प्रकरणातपण लिहिलेलं नाही.

कुठे थांबले? तुम्ही बोटाने रेघ ओढता तिथे. ते खरं वाटलं. आजीला वाचून दाखवलं तेव्हा तीपण तिथे म्हणाली, “हां, वाकडी व्हती.”

काय पटलं नाही? शेवट पटला नाही. तुम्ही लिहिलंय की मुलगा मोठा होऊन गंगीकडे येतो, पाया पडतो, तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ती त्याला माफ करते. मी आजीला विचारलं, तू माफ केलंस का? आजी म्हणाली, “मी कधी केला? याला कोणी सांगितला? तो आलापण नाय.” पहिल्या पुस्तकात सावकार माफ करतो ते तुम्ही मनचं लिहिलं. आता गंगी माफ करते तेपण मनचं लिहिलं. म्हणजे चूक तीच आहे.

मी आजीला विचारलं, तेव्हा तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, शेटाच्या पोराचं नाव घेतलं असतं तर मला मारलं असतं, आणि मला वाटलं पोर आपणच बोलेल. चार दिवस ती सायवनला वाट बघत राहिली. मग निघाली.

इथल्या माणसांना वाचता येत नाही. प्रकरण वाचून दाखवलं तर म्हणतात, आधीचंपण पुस्तकात होतं, हेपण पुस्तकात आहे, कोणतं खरं? म्हणून आजी म्हणते, कागद नको. रविवारी नवं आहे, तेव्हा या आणि सगळ्यांसमोर तोंडाने सांगा. शेवट तोपर्यंत लिहू नका. पान कोरं ठेवा.

बस फाट्यावर नऊ वाजता येते. पुढे चालावं लागतं.

रूपी, इयत्ता सातवी


बोर्डी, ५ ऑक्टोबर १९६१ (कार्ड)

चि. रूपीस आशीर्वाद. येतो. आजीला सांग, या वेळी चार दिवस लावणार नाही. तिथे पोचल्यावर कुठे उभं राहायचं तेवढं मला दाखव.

अण्णा


झरी, ११ ऑक्टोबर १९६१

रा. रा. अण्णा यांस रूपीचा नमस्कार.

बाईंनी सांगितलं, तुम्ही बोर्डीला नीट पोचलात. तुमची छत्री इथे राहिली आहे. लाल पुस्तक तुम्ही आजीच्या पायापाशी ठेवलंत ते आजीने मला दिलं. पहिली चार पानं वाचली. पुढे वाचावंसं वाटतं, पण मी अजून वाचत नाही.

तुम्ही बोलताना तुमचा आवाज लागत नव्हता आणि मागच्यांना ऐकू येत नव्हतं. पण आजी म्हणाली, “मोठ्यानं बोल,” तेव्हा तुम्ही सगळं पहिल्यापासून पुन्हा बोललात, हे मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा बोललेलं पहिल्यापेक्षा चांगलं होतं. भगताने तुम्हाला तीनदा विचारलं, बाईने खाल्लं का? तुम्ही तिन्ही वेळा नाही म्हणालात. तेव्हा मी आजीकडे बघत होते. ती तुमच्याकडे बघत नव्हती, समोर जेवायला मांडलेल्या पानाकडे बघत होती.

जाताना तुम्ही मला हळूच विचारलंत, आता शेवट काय लिहू, माफ केलं असं लिहू का? मी म्हटलं, आजीला विचारून कळवते. काल विचारलं. तिने हातातला झाडू बांधून पुरा केला. मग म्हणाली, माफीचं विचारायला पुढच्या नव्याला ये, तेव्हा बघू. त्याच्या पुढच्यालापण ये.

पुस्तकात काय लिहायचं ते तिने सांगितलं आहे. पहिल्या पुस्तकातलं ‘गंगीने खाल्लं’ ते खोडायचं. त्या जागी लिहायचं: सगळ्यांच्या मधे बसून गंगी जेवली.

त्याच्या पुढे काही लिहू नका.

रूपी